उंदरांवर यशस्वी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर ते माझ्या विज्ञानाच्या बाईंचे. आईवडिलांनी वाढवलं, ते ऋण वेगळं. पण उल्हासनगरजवळच्या मोरिवलीतल्या ज्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपर्यंत पोचलं नव्हतं, त्या घरातला मुलगा पुढे मुंबईतल्या प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभा राहिला, तो केवळ बाईंमुळे. त्यांचं नाव लिहीत नाही. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, "माझं काय सांगत बसलास, विषयाला धरून लिही."

तर विषयाला धरून लिहितो. विषय असा, की मला राग आलेला आहे. इतकी वर्षं झाली, तो उतरलेला नाही. वर्तमानपत्रात एखाद्या नव्या शोधाची चौकट दिसली की अजून मी पान उलटतो.

आमची भातशेती एमआयडीसीत गेली आणि बदल्यात बाबांना रंगाच्या कंपनीत नोकरी मिळाली. पाळी संपवून ते घरी यायचे तेव्हा बनियन कधी पिवळं असायचं, कधी जांभळं. माझी दहावी झाल्याबरोबर त्यांनी मला तिथेच हेल्पर म्हणून चिकटवायचं ठरवलं. बाईंना हे कुठून कळलं कोण जाणे. शिवमंदिराजवळच्या आपल्या घरून त्या रिक्षा करून थेट आमच्या ओटीवर आल्या. शाळेतली बाई घरी येणं म्हणजे मुलाने काहीतरी दिवे लावलेले असणार, अशा समजुतीने आईने आधी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"मुलाला कंपनीत लावताय म्हणे?" बाईंनी बाबांना विचारलं.

"लावतो ना बाई. सायबाशी बोलनं झालंय. परमनंट व्हंल."

"कुठल्या खात्यात?"

"रंगातच. मी नाय काय रंगात?"

"म्हणून तर विचारते. तुमची थुंकी सध्या कोणत्या रंगाची आहे?"

बाबा हसले. "ज्या रंगाचा माल चालू, त्या रंगाची."

हसून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या बनियनकडे पाहिलं, आणि कंपनीचा विषय पुन्हा काढला नाही. मला त्या जूनमध्ये उल्हासनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला.

बाईंची शाळेतली एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सकाळच्या परिपाठात प्रार्थना आणि प्रतिज्ञा झाली की सगळ्या शाळांत सुविचार वाचतात. आमच्याकडे त्यानंतर 'आजची विज्ञानवार्ता' असायची. ती बाईंनी सुरू केलेली. पाळीपाळीने एकेकाने वर्तमानपत्रातून विज्ञानाची एक बातमी उतरवून आणायची आणि सगळ्या शाळेसमोर खणखणीत वाचायची. मी पहिल्यांदा वाचली ती बातमी मला पाठ आहे. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी क्षेपणास्त्रासारखं नेमकं कर्करोगाच्या पेशीवर जाऊन आदळणारं औषध शोधलं होतं. 'उंदरांवर यशस्वी' असं शेवटी होतं. मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "म्हणजे उंदीर सुटले रे!" सगळी शाळा हसली. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "आधी उंदीर, मग माणूस. आपला नंबरही लागेल."

नंबर कधी लागेल, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. वाचायचं, टाळ्या घ्यायच्या, रांगेत जाऊन उभं राहायचं. वर्षानुवर्षं शेकडो मुलांनी हेच केलं. त्या रीतीमुळेच मी विज्ञानाकडे वळलो, हे खरं आहे. पण बातमी वाचून झाली की ती संपली, तिचं पुढे काय झालं ते पाहायचं नसतं, ही सवयही आम्हांला तिथेच लागली. आणि आम्हांला लावणाऱ्या बाईंना ती आमच्याहून पक्की लागली होती.

एम.एस्सी. झाल्यावर मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत साहाय्यक म्हणून लागलो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. त्या सुमाराला जगभरच्या प्रयोगशाळा एका काळ्या चकतीच्या मागे लागल्या होत्या. तीन धातूंची संयुगं खलात घोटायची, दाबून चकती करायची, भट्टीत भाजायची. द्रवरूप नायट्रोजनमध्ये ती थंड केली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहू लागते आणि वर ठेवलेलं चुंबक अधांतरी तरंगतं. एरवी एकमेकांना दूर लोटणारे इलेक्ट्रॉन तिथे जोडीजोडीने चालतात, हे पुंजभौतिकीतलं, म्हणजे क्वांटमचं, गणित. ते जोड्या नेमक्या कशामुळे जमवतात, हे त्या चकतीच्या बाबतीत कोणालाच नीट माहीत नव्हतं. आम्हांलाही नव्हतं. ते तरंगणारं चुंबक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पण चकती खापरासारखी ठिसूळ होती. तिची तार ओढता येत नव्हती. दमट हवेत ती खराब व्हायची, आणि मुंबईत दमट हवा सोडून दुसरी हवा कुठे असते? सकाळी कपाट उघडावं तर कालच्या चकतीला तडा गेलेला. हे आम्ही रोज पाहत होतो. आणि बाहेर बातम्या येत होत्या, की लवकरच रेल्वेगाड्या रुळांवरून तरंगत धावणार, वीज फुकटात घरोघर पोचणार. त्यातल्या काही बातम्या आमच्याच साहेबांनी दिलेल्या होत्या. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. माणूस हुशार, बोलायला गोड, कामाला वाघ. बातमीदाराने फोनवर विचारलं, "सर, सामान्य माणसाला याचा उपयोग काय?" की साहेब खुर्चीत मागे रेलायचे आणि रेल्वेगाडी तरंगवून टाकायचे. फोन ठेवल्यावर आमच्याकडे बघून डोळा मिचकावायचे. आम्ही हसायचो.

नव्वदनंतरच्या एका जानेवारीत आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पाहुणे म्हणून साहेबांना आणावं अशी बाईंची फार इच्छा. साहेब आनंदाने आले. थर्मासमध्ये द्रवरूप नायट्रोजन, खिशात चकती आणि चुंबक. मैदानात मांडव घातलेला, पुढे मुलं जमिनीवर, मागे खुर्च्यांवर पालक. थर्माकोलच्या पेल्यातून वाफा निघू लागल्या, चुंबक तरंगलं, साहेबांनी त्याच्या खालून कागदाचा कपटा आरपार फिरवून दाखवला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक आजोबा हात जोडून उभे राहिले.

मग मुख्याध्यापकांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्या. तिसरी की चौथी चिठ्ठी बाईंची होती. मुख्याध्यापकांनी ती माइकवर वाचली: कर्करोगावरच्या नव्या औषधांबद्दल आम्ही नेहमी वाचतो, ती प्रत्यक्ष रुग्णाच्या हाती कधी पडतील?

साहेबांचा कर्करोगाशी काही संबंध नव्हता. त्यांनी आयुष्यात पेशी पाहिली असेल तर शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली. 'हा माझा विषय नाही' एवढं एक वाक्य बोलले असते तर त्यांच्या कीर्तीला काय बट्टा लागणार होता? पण मांडव भरलेला होता.

"फार सुंदर प्रश्न," साहेब म्हणाले. "आत्ता तुम्ही जे शास्त्र पाहिलंत ना, तेच आज पेशीच्या आत जाऊन पोचलंय. दोन-तीन वर्षं धीर धरा. ही कापाकापी, हे जाळणं, सगळं इतिहासजमा होणार आहे. तुमची ही मुलं मोठी होतील तेव्हा विचारतील, ऑपरेशन म्हणजे काय हो?"

टाळ्या. आमच्याकडे पाहुण्याला प्रश्न विचारतात तो त्याला मान द्यायला. उत्तर खरं की खोटं ते पडताळायची पद्धत नाही. पुन्हा प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा. साहेबांना शाल आणि नारळ मिळाला. मी पहिल्या रांगेत बसून मनात म्हटलं, चला, साहेबांनी आज कॅन्सरही तरंगवला.

बाईंनी तो प्रश्न स्वतःसाठी विचारला होता, हे मला होळीच्या सुमाराला कळलं.

त्यांनी निरोप पाठवून घरी बोलावलं. काका, म्हणजे बाईंचे यजमान, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ते दार उघडून कोपऱ्यात जाऊन बसले.

"बस," बाई म्हणाल्या. "चहा मागून. आधी ऐक. माझ्या उजव्या स्तनात गाठ आहे. तपासून झालीय. कॅन्सर आहे."

वर्गात 'हृदयाला चार कप्पे असतात' सांगायच्या त्याच आवाजात सांगितलं. काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि आत उगाच भांडी वाजू लागली.

"कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

"आता होळी आली, बाई!"

"कॅलेंडर आहे माझ्याकडे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा हात लावून पाहिलं. सिंधी आहेत, फटकळ. म्हणाल्या, 'मॅडम, सोचने का कुछ नहीं है, निकालो और घर जाओ.' भाजीतली अळी काढावी तसं."

"मग?"

"मग मुंबईच्या सर्जननेही तेच सांगितलं. सगळाच काढायचा, काखेपर्यंत. अरे, किती जुनी पद्धत ही! जग कुठे चाललंय! हे बघ." त्यांनी टेबलावरची कात्रणं माझ्यापुढे सरकवली. क्षेपणास्त्रासारखं औषध. एका झाडाच्या सालीतलं औषध. गाठीची रसद तोडणारं औषध. "आणि तुझे साहेब काय म्हणाले ते तू ऐकलंस ना? दोन-तीन वर्षं. गाठ लहान आहे. मी थांबते."

"साहेब फिजिक्सचे आहेत, बाई!"

"शास्त्रज्ञ तर आहेत."

"आमची चकती कपाटात ठेवली तर तडकते! तार काढता येत नाही तिची! ते कसलं कॅन्सरचं सांगतात?"

"तुझ्या चकतीचं सोड. हे सगळं काय खोटं छापतात?"

मी ओरडलो. बाईंच्या घरात, बाईंवर. म्हणालो, "तुमच्या जागी माझी आई असती तर मी फरफटत नेली असती!"

"तुझी आई असती तर तिने तुला विचारलंच नसतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि आवाज खाली. ओरडून काही सिद्ध होत नाही. तुला कोणत्या गोष्टी नक्की माहीत आहेत, कोणत्या नाहीत, नीट लिहून पाठव. मग मी ठरवीन."

काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. "तूच सांग रे तिला," ते म्हणाले. "मी बोललो की म्हणते, तुम्हांला विज्ञानातलं काय कळतं."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ऐकून ते हळहळले, ते खोटं नव्हतं.

"वाईट झालं. पण ऑपरेशन करून घ्यायला सांग की त्यांना."

"तुम्ही सांगा, सर. तुमच्या शब्दावर त्या थांबल्यात. दोन ओळी लिहून द्या, की मी सभेत बोललो ते माझ्या विषयाबाहेरचं होतं."

साहेबांचा चेहरा बदलला. "असं लेखी कसं देणार? अरे, सभेत तसं बोलावं लागतं. लोक उमेद घेऊन घरी जातात. त्यांना काय सांगायचं, आम्हांला काही माहीत नाही म्हणून?"

"हो, सर. तेच सांगायचं."

"मग पुढच्या वेळी आपल्या कामाला कोण पैसे देईल? आणि मुळात मी काय औषधाचं नाव घेतलं होतं का? त्यांनी शब्दशः घेतलं, त्याला मी काय करू? शिकलेल्या बाई आहेत."

शिकलेल्या बाई आहेत! ज्या बाईने सगळं आयुष्य तुमच्यासारख्यांचा प्रत्येक शब्द पोरांकडून खणखणीत वाचून घेतला, तिने तो खरा मानला हा तिचाच दोष! मला त्या क्षणी टेबलावरचा खल उचलून आपटावासा वाटला. मी नुसता बाहेर आलो. नोकरी सोडली नाही. घर माझ्यावर चालत होतं.

नंतर मी कात्रणांची नकल घेऊन कॅन्सरच्या रुग्णालयात गेलो. ओळख ना पाळख, पण एक तरुण डॉक्टर जिन्यावर उभ्याउभ्या माझ्याशी बोलले. एकेक बातमी वाचून ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. हे अजून उंदरांतच आहे. हे थोड्या रुग्णांना देऊन पाहताहेत, वेगळ्या आजारात. हे चांगलं आहे, येईलही, कधी ते कोणी सांगू शकत नाही. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते एकाही बातमीत नव्हतं: बाईंसारख्या गाठीत, उद्या यातलं काही हाती आलं तरी ते ऑपरेशनच्या जोडीला द्यायचं, ऑपरेशनऐवजी नाही.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "ती बाय एवढी शानी ना?" आई म्हणाली. "मंग गाठ ठेवून कोनाची वाट बघतंय?"

मी बाईंना पत्र लिहिलं. ते मिळाल्यावर त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. तोवर काखेतल्या गाठींत आजार गेलेला होता. पुढचे सगळे उपचारही त्यांनी केले आणि शाळेत परत आल्या. उजवा हात सुजलेला असायचा, खांद्याच्या वर जायचा नाही, म्हणून फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायच्या. मागच्या बाकांवरच्या मुलांना उभं राहून वाचावं लागे. काही वर्षं चांगली गेली. मग आजार हाडांत उलटला, आणि निवृत्तीच्या आधीच बाई गेल्या. दिवाळीच्या आधीच ऑपरेशन झालं असतं तर वाचल्या असत्या का, असं मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा हा माणूस, आणि त्याच्यासाठी कोणी मांडव घालत नाही.

साहेब पुढे मोठ्या पदावर गेले. बाईंच्या कात्रणांतली काही औषधं खरोखर आली, माणसं त्यांवर जगतात, हे मला माहीत आहे आणि त्याचा आनंद आहे. माझा राग औषधांवर नाही. आजारी माणूस समोर बसलेला असताना 'लवकरच' असं सहज बोलून टाळ्या घेणाऱ्यांवर आहे. आज बातमी छापून उद्या ती विसरणाऱ्यांवर आहे. आणि थोडा बाईंवरही आहे, तो जात नाही.

काकांनी नंतर ते पत्र मला परत दिलं. जसं होतं तसं उतरवतो.

*

ती. बाईंस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही लिहून मागितलंत म्हणून लिहितो आहे. त्या दिवशी मी ओरडलो. अजूनही रागातच आहे, पण अक्षर नीट काढतो.

नक्की माहीत असलेल्या गोष्टी. गाठ कॅन्सरची आहे. ती वाढते आहे. ऑपरेशनने ती निघते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, की तुमच्या कात्रणांतलं एकही औषध तुमच्या आजारात ऑपरेशनच्या जागी दिलं जात नाही. कुठल्याच देशात नाही. मी दोनदा विचारलं.

माहीत नसलेल्या गोष्टी. ती औषधं कधी येतील ते कोणालाच माहीत नाही. ज्यांनी शोधली त्यांना नाही. आमच्या साहेबांना तर अजिबातच नाही. त्यांनी सभेत सांगितलं ते ज्ञान नव्हतं, भाषण होतं. त्यांच्याकडून तसं लेखी मागितलं, त्यांनी दिलं नाही. म्हणून त्यांच्याऐवजी मी सही करून देतो आहे. ऑपरेशननंतर तुम्ही पूर्ण बऱ्या व्हाल की नाही, हेही माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, शक्यता चांगली आहे, आणि थांबाल तितकी कमी होईल.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही ते लिहितो. रागावलात तरी चालेल. तुम्ही औषधासाठी थांबलेल्या नाही आहात, बाई. तुम्हांला भीती वाटते आहे. शरीराचा भाग काढून टाकायचा म्हटल्यावर कोणालाही वाटेल. मलाही वाटते आहे. पण भीतीला विज्ञान म्हणू नका. तसं कोणी म्हटलं असतं तर तुम्ही त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा बाबांची परवानगी मागायला आला नव्हतात. मीही मागत नाही. रुग्णालयात मंगळवारची वेळ घेतली आहे. काकांना मी कारखान्यात जाऊन भेटलो, त्यांनी रजा टाकली आहे. आई तुमच्याकडे राहायला येते म्हणाली आहे. तिच्या हातचं तिखट असतं, तेवढं सांभाळून घ्या.

मंगळवारी सकाळी रिक्षा घेऊन दारात येतो. तयार राहा. नसलात तर मी तुमच्या ओटीवर बसून राहीन आणि शाळेत जाणारी मुलं विचारतील, तेव्हा त्यांना सगळं खरं सांगेन.

तुमचा विद्यार्थी